दोन डाव हरली म्हणून

नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि गोव्यात हडफडेला बुद्धिबळाच्या विश्वचषकाची पहिली फेरी सुरू झाली. दोन दिवसांत दिव्या देशमुख स्पर्धेबाहेर. ग्रीसचा ग्रँडमास्टर स्टामाटिस कुर्कुलोस-आर्दितिस याने तिला दोन्ही डावांत हरवलं. २०६ खेळाडूंच्या त्या मेळ्यात ती एकटीच महिला होती. हार साफ होती, सारवासारव करण्यासारखं तिच्यात काही नाही. पण निकाल लागला आणि काही मंडळींना जे हायसं वाटलं, ते लपता लपेना. जुलैत तिने महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा ज्यांना मनाविरुद्ध टाळ्या वाजवाव्या लागल्या होत्या, त्यांनी हात झटकले आणि म्हणाले, बघा, आम्ही सांगत नव्हतो?

ते काय सांगत होते? क्लासच्या ओसरीवर, स्पर्धेच्या हॉलबाहेर आणि मोबाइलवरच्या गटांत ऐकू येणारं सगळं गोळा केलं, तर ते असं भरतं: महिलांचा विश्वचषक ही दुय्यम चीज, तो जिंकून मिळालेला ग्रँडमास्टर किताब मागच्या दाराने आलेला, आणि या मुलीची लोकप्रियता खेळाची नाही, तर चेहऱ्याची, वयाची आणि ‘आपली मराठी मुलगी’ या शिक्क्याची. हे म्हणणारे सगळेच आडमुठे नाहीत. त्यांतले काही चांगलं खेळतात, काहींनी पोरांना शिकवण्यात आयुष्य घालवलंय. म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवं. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशा लोकांसाठी कोण कागद खर्ची घालतो?

आधी गोव्याचंच घेऊ. बाद पद्धतीचा विश्वचषक हा बुद्धिबळातला सगळ्यात निर्दय प्रकार. दोन क्लासिकल डाव, बरोबरी झाली तर जलद डाव, आणि हरलात की सामान बांधा. याच स्पर्धेत विद्यमान जगज्जेता गुकेश तिसऱ्या फेरीत जर्मनीच्या फ्रेडरिक स्वानेकडून हरला. प्रज्ञानंद चौथ्या फेरीत बाद झाला. तेव्हा गुकेशच्या फॉर्मबद्दल बोललं गेलं, त्याच्या थकव्याबद्दल, त्याच्या जलद डावांतल्या कमजोरीबद्दल. पुरुषांच्या बुद्धिबळाबद्दल एक अक्षर कोणी काढलं नाही, काढण्याचं कारणही नव्हतं. दिव्याच्या बाबतीत मात्र दोन डावांवरून साऱ्या स्त्रीजातीचा निकाल लागला. एका माणसाची हार त्याच्या नावावर जमा करायची आणि एका मुलीची हार तिच्यासारख्या सगळ्यांच्या खात्यावर टाकायची, हा कुठला हिशेब?

आणि हिशेबच मांडायचा तर दोन महिने मागचं पानही उलटावं लागेल. सप्टेंबरमध्ये समरकंदला ग्रँड स्विस झाली. तिथे महिलांची वेगळी स्पर्धा होती, आणि जागतिक महिला विश्वचषक विजेती म्हणून दिव्या तिथे मानाने खेळू शकली असती. ती खुल्या गटात उतरली. अकरा डावांत पाच गुण मिळाले. मोठा पराक्रम नव्हे, मान्य. पण तिथे बहुतेक प्रतिस्पर्धी रेटिंगने तिच्या वर होते. त्यांच्यात तिने ईजिप्तच्या बासेम अमीनला हरवलं आणि गुकेशला बरोबरीत रोखलं. गोव्यात हरली तर तो पुरावा, समरकंदला जिंकली तर तो योगायोग, असं ज्यांचं शास्त्र आहे, त्यांनी निदान आपण शास्त्र सांगतोय असा आव आणू नये.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. महिला खेळाडूंना सुरक्षित कोपऱ्यात बसून बक्षिसं हवी असतात, असा आक्षेपकांचा लाडका सिद्धान्त आहे. दिव्याने नेमकं उलट केलं. जानेवारी २०२४ मध्ये, अजून ग्रँडमास्टर नसताना, ती वाइक आन झे इथल्या टाटा स्टील स्पर्धेच्या चॅलेंजर्स गटात खेळली, तेरा डावांत साडेचार गुण घेऊन तळाच्या आसपास राहिली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच गेली. हरण्याची भीती असलेलं माणूस अशा ठिकाणी दुसऱ्यांदा जात नाही.

आता मागच्या दाराकडे वळू.

ग्रँडमास्टर व्हायचा रुळलेला रस्ता सगळ्यांना ठाऊक आहे: तीन नॉर्म, म्हणजे ठरलेल्या दर्जाच्या स्पर्धांतली कामगिरी, आणि २५०० रेटिंग. दिव्याकडे जुलै २०२५ पर्यंत एकही नॉर्म नव्हता आणि रेटिंग २५०० च्या खाली होतं. महिला विश्वचषक जिंकल्यावर जागतिक महासंघाच्या नियमानुसार किताब थेट मिळाला. ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली, आणि हंपी, हरिका, वैशाली यांच्यानंतरची चौथी महिला. नॉर्मची गोष्ट तिने स्वतः लपवली नाही. सामना संपल्या संपल्या, डोळे पुसत, आपल्याकडे स्पर्धेपूर्वी एकही नॉर्म नव्हता हे तिनेच सांगितलं. आक्षेपकांनी शोध लावल्यासारखं जे सांगत फिरायचं, ते तिने आधीच सांगून टाकलं होतं.

पण थेट किताब हा काय महिलांसाठी काढलेला खास रस्ता आहे? जून २०२४ मध्ये गांधीनगरला वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धा झाली. मुलींच्या गटात दिव्या अकरापैकी दहा गुण घेऊन, एकही डाव न हरता पहिली आली. खुल्या गटात कझाकस्तानचा काझीबेक नोगेरबेक पहिला आला. त्या वेळी तोही इंटरनॅशनल मास्टरच होता. त्या विजयासरशी तो ग्रँडमास्टर झाला, थेट, नियमाप्रमाणे. मुलींच्या विजेतीसाठी तो किताब नव्हता. त्या महिन्यात कोणी नोगेरबेकच्या मागच्या दाराबद्दल तावातावाने बोललेलं माझ्या तरी कानावर आलं नाही. तो पठ्ठ्या चांगला खेळला, जिंकला, किताब घेऊन घरी गेला. ठीक झालं. मग वर्षभराने त्याच जातीचा नियम एका मुलीला लागू झाला, तेव्हा या दाराला एकाएकी ‘मागचं’ हे विशेषण कुठून लागलं?

माझं स्वतःचं मत विचाराल तर महासंघ थेट किताब जरा सढळ हाताने वाटतो. खंडीय स्पर्धा, कनिष्ठ गटाच्या स्पर्धा, सगळीकडे काही ना काही ठेवलेलं आहे. हात आखडता घ्यायचा असेल तर घ्यावा, पण सगळ्यांसाठी घ्यावा.

आणि ते दार किती अरुंद होतं, तेही बघू. बाटुमीला झालेल्या त्या महिला विश्वचषकात दिव्याचं मानांकन पंधरावं होतं. चौथ्या फेरीत तिच्यासमोर दुसरं मानांकन असलेली चीनची झू जिनेर आली; ती टायब्रेकमध्ये हरली. उपांत्यपूर्व फेरीत हरिका. तीही टायब्रेकमध्ये हरली. उपांत्य फेरीत माजी जगज्जेती तान झोंगयी. तिच्याविरुद्धचा दुसरा डाव १०१ चाली चालला आणि दिव्याने जिंकला. १०१ चाली म्हणजे काय, हे पटावर बसल्याशिवाय कळत नाही. चाळिसाव्या चालीला आपण बरे असतो, साठाव्याला जिंकतोय असं वाटतं, ऐंशीला हातचं निसटतंय असं वाटायला लागतं, आणि खुर्चीवरून उठून पाणी प्यायचंही सुचत नाही.

अंतिम सामना कोनेरू हंपीशी. एक ३८ वर्षांची, दुसरी १९ ची. दिव्याचा जन्म डिसेंबर २००५ चा. हंपी ग्रँडमास्टर झाली ती २००२ मध्ये, म्हणजे दिव्या जन्मायच्या आधी. दोन क्लासिकल डाव बरोबरीत सुटले. पहिल्या डावात दिव्याने जिंकायची संधी हातची घालवली. २८ जुलैला जलद डाव. पहिला पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात हंपी पांढऱ्यांनी खेळत होती, आणि घड्याळ तिच्याविरुद्ध गेलं. वेळ उरला नाही की हातातली मोहरी परकी होतात. हंपीने घाईत एक प्यादं पुढे ढकललं, डाव दिव्याकडे झुकला. मग दिव्याकडूनही नेमकी चाल सुटली आणि पारडं पुन्हा सावरलं. मग हंपी परत चुकली. ७५ चालींनंतर हंपीने हात पुढे केला. दिव्या आईच्या गळ्यात पडून रडली. हा डाव निर्दोष होता असं कोणी म्हणणार नाही. आपल्याला एंडगेम शिकायला हवेत, असं ती स्वतःच नंतर म्हणाली. पण ताणाखाली दोघींकडूनही चुका झाल्या आणि शेवटची चूक तिने केली नाही. पुरुषांचे अंतिम सामने याहून वेगळ्या रीतीने सुटतात असं ज्याला वाटतं, त्याने २०२४ च्या डिसेंबरात सिंगापूरला डिंग लिरेनने चौदाव्या डावात हत्ती कुठे नेऊन ठेवला होता, ते आठवावं.

आता मुख्य मुद्दा: बरोबरीच्या आहात, तर महिलांचा गट वेगळा कशाला? खुल्यात खेळा.

हा प्रश्न विचारणाऱ्यांची मला खरंच गंमत वाटते. हा प्रश्न मुंबईत पन्नास वर्षांपूर्वी विचारला गेला होता, फक्त उलट बाजूने. १९७६ मध्ये रोहिणी खाडिलकर ही तेरा वर्षांची मुलगी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला गेली. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांची ही लेक. तिच्या वासंती आणि जयश्री या बहिणीही राष्ट्रीय विजेत्या. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं विजेतेपद १९७४ मध्ये सुरू झाल्यापासून जवळपास दहा वर्षं याच घरात फिरत होतं. म्हणजे महिलांच्या गटात या मुलींनी जे सिद्ध करायचं ते केलं होतं, आणि त्यांतली धाकटी नेमकं तेच करत होती, जे आजचे आक्षेपक दिव्याला करायला सांगतात. खुल्यात खेळायला आली. मग काय झालं? गदारोळ. मुलगी पुरुषांत कशी खेळते, यावर वाद इतका पेटला की प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांना निर्णय द्यावा लागला की, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत महिलांना अटकाव करता येणार नाही.

यूवे हे नाव इथे यावं यात एक मौज आहे. १९३५ मध्ये अलेखाइनला हरवून जगज्जेता झालेला हा डच गृहस्थ त्याआधी हेस्टिंग्जला व्हेरा मेनचिककडून हरला होता. मेनचिक ही पहिली महिला जगज्जेती. १९२९ मध्ये कार्ल्सबादच्या स्पर्धेत तिला घेतलं, तेव्हा व्हिएन्नाच्या अल्बर्ट बेकरने थट्टा केली होती की, या बाईकडून जो हरेल त्याला ‘व्हेरा मेनचिक क्लब’चं सभासद करून घेऊ. पहिला सभासद बेकरच झाला. पुढे यूवेही त्यात दाखल झाले. ज्याला हरण्याचा अनुभव पटावर आला होता, त्याच माणसाने चाळीसेक वर्षांनी मुंबईच्या पोरीसाठी दार उघडलं. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढे पाहा. हंगेरीची झुझा पोल्गार १९८६ मध्ये पुरुषांच्या जागतिक विजेतेपदाच्या पात्रता फेरीसाठी पात्र ठरली. तिला खेळू दिलं नाही. १९८७ च्या सुरुवातीला महासंघाने सगळ्या महिला खेळाडूंच्या रेटिंगमध्ये सरसकट शंभर गुण घातले. सगळ्या म्हणजे झुझा सोडून सगळ्या. कारण काय, तर बाकीच्या महिला आपसांत खेळतात म्हणून त्यांचं रेटिंग खरं तर कमी दिसतं, आणि ही पुरुषांशी खेळते. म्हणजे ती खुल्या गटात गेली, याची शिक्षा म्हणून तिचा पहिला क्रमांक एका कारकुनी फर्मानाने हिरावला गेला.

जॉर्जियाच्या नोना गाप्रिंदाश्विलीची तऱ्हा आणखी निराळी. १९६२ ते १९७८ सलग जगज्जेती, १९७८ मध्ये ग्रँडमास्टर झालेली पहिली महिला. कितीतरी पुरुष ग्रँडमास्टर्सशी ती खेळली होती. २०२० मध्ये ‘द क्वीन्स गँबिट’ या मालिकेत तिचं नाव घेऊन म्हटलं गेलं की, ती पुरुषांशी कधी खेळलीच नाही. ऐंशी पार केलेल्या बाईला न्यायालयात जाऊन दावा लावावा लागला. २०२२ मध्ये तो मिटला. नायिका मोठी दिसावी म्हणून खऱ्या खेळाडूची कारकीर्द पुसली, आणि तीही कुठे, तर स्त्रीच्या बुद्धीचं कौतुक करणाऱ्या मालिकेत.

तेव्हा ‘खुल्यात खेळा’ म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की बायका खेळत आल्या आहेत. खेळायला आल्या तेव्हा कोर्टकचेऱ्या झाल्या, खेळल्या तर गुण नाकारले गेले, खेळून झाल्यावर खेळल्याच नाहीत असं सांगितलं गेलं. हे सगळं करून झाल्यावर आता विचारता, तुमचा गट वेगळा का?

इथे ते झुझाची बहीण ज्युडिट पोल्गारचं नाव काढतात. काढणारच, कारण त्यांच्या भात्यातला तो सगळ्यात चांगला बाण आहे. ज्युडिट महिलांच्या जागतिक विजेतेपदासाठी कधी खेळलीच नाही. जगात आठव्या क्रमांकापर्यंत गेली, रेटिंग २७३५ पर्यंत नेलं, २००२ मध्ये मॉस्कोत कास्पारोवला जलद डावात हरवलं. महिलांचे वेगळे किताब बंद करावेत, असं तिचं स्पष्ट मत आहे. त्या मताबद्दल मला आदर आहे, आणि महिला ग्रँडमास्टर, महिला इंटरनॅशनल मास्टर असल्या कमी उंचीच्या किताबांबद्दल तर मी तिच्याशी बऱ्याच अंशी सहमत आहे. पण तिचं घर बघा. आईवडिलांनी तिन्ही मुलींना शाळेत न घालता घरी शिकवलं, सगळा संसार बुद्धिबळाभोवती बांधला. हा प्रयोग अफाट होता. तो धोरण होऊ शकत नाही. सांगलीच्या किंवा अकोल्याच्या आईबापांनी नोकरी सोडून पोल्गार व्हावं, असं कोण सांगणार? शिवाय ज्युडिट मुलींना म्हणते, तुमची उडी मोठी असू द्या. आमचे आक्षेपक तेच वाक्य घेतात आणि मुलींना म्हणतात, तुमची उडी छोटी होती. दोन्हींत फरक आहे.

आणि आकड्यांचं काय? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं ते म्हणतात: वरच्या शंभरांत महिला का नाहीत? पण आड आधी खणला किती, ते बघा. जगात दोन हजारांच्या आसपास ग्रँडमास्टर, त्यांत महिला पन्नासही नाहीत, हे खरं. रेटिंग असलेल्या खेळाडूंतही महिलांचा वाटा अगदी थोडा, हेही खरं. २००९ मध्ये बिलालिच आणि सहकाऱ्यांनी जर्मन खेळाडूंच्या आकड्यांवरून दाखवलं होतं की, वरच्या पुरुष आणि महिला खेळाडूंमधला बहुतेक सगळा फरक केवळ संख्येच्या तफावतीतून निघतो. थोड्यांतून निवडलं की सर्वोत्तम कमी उंच निघतो, इतकं साधं गणित. या निष्कर्षावर नंतर टीकाही झाली, आणि वाद मिटलेला नाही. मिटलेला नसताना ‘बायकांचा मेंदूच तसा’ असं छातीठोक सांगणाऱ्यांना काय म्हणावं?

संख्या कुठे गळते, हे बघायला जर्मनीला जायची गरज नाही. आपल्याकडच्या कुठल्याही रेटिंग स्पर्धेला रविवारी सकाळी जा. मंगल कार्यालयाचा हॉल, लांबच लांब टेबलं, बाहेर सतरंजीवर बसलेले आईबाप, डबे, पाण्याच्या बाटल्या, भिंतीला चिकटवलेल्या जोड्यांच्या यादीभोवती पोरांची झुंबड. नऊ वर्षांखालच्या गटात मुली भरपूर दिसतात. वेण्या, गॉगल, हातात स्वतःची नोंदवही. अकराखालीही दिसतात. पंधराखाली आलात की शोधाव्या लागतात. दहावीचं वर्ष, मग बारावी, मग परगावी एकटीला कसं पाठवायचं, सोबत कोण जाणार, रात्रीच्या गाडीने कसं यायचं. मुलगा असला तर क्लासच्या सरांबरोबर चार पोरं सुमोत घालून पाठवून देतात. मुलीबरोबर आई किंवा बाप जातो, म्हणजे खर्च दुप्पट आणि घरातल्या एकाची रजा. दिव्याचे आईवडील दोघेही डॉक्टर. तरी परदेशी स्पर्धांना आई बरोबर असायची. ज्या घरात दोघांपैकी एकाचीही रजा मंजूर होत नाही, तिथे काय होत असेल? बक्षिसांच्या यादीत खाली ज्येष्ठ खेळाडूंच्या बक्षिसाशेजारी ‘उत्कृष्ट महिला’ असं एक बक्षीस असतं. पुष्कळदा ते दुसऱ्या मुलीच नसल्यामुळे ठरूनच गेलेलं असतं.

सांगलीने हे जरा बदलून दाखवलं होतं. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळाने मुलींसाठी स्पर्धा भरवल्या, मुली येत राहतील असं बघितलं. भाग्यश्री साठे, लग्नानंतरची ठिपसे, याच मातीतली. पुढे आशियाई विजेती आणि पद्मश्री. स्वाती घाटेही सांगलीची. वेगळा गट म्हणजे कुबडी, असं म्हणणाऱ्यांनी या गावाकडे बघावं. तिथे वेगळा गट म्हणजे मुलींना एकत्र आणण्याची जागा होती. एकीला पाहून दुसरी आली.

आता लोकप्रियता. इथे आक्षेपकांचं आणि भाटांचं जमतं, हे फार कोणाच्या लक्षात येत नाही. एक म्हणतो, ती सुंदर आहे म्हणून लोक बघतात. दुसरा म्हणतो, बुद्धी आणि सौंदर्य यांचा संगम! दोघेही पटाकडे बघत नाहीत. वाइक आन झे इथली २०२४ ची ती स्पर्धा संपली तेव्हा दिव्या अठरा वर्षांची होती, आणि तिने जाहीरपणे लिहिलं की, प्रेक्षकांना तिच्या डावांपेक्षा कपडे, केस, बोलण्याची ढब यांच्यातच रस दिसला. तिला याचा त्रास झाला. लगेच तिलाच सुनावलं गेलं: मग फोटो कशाला टाकतेस? म्हणजे फोटो नाही टाकला तर कोणाला माहीत नाही, टाकला तर चेहऱ्यावर चालते. यातून तिने सुटायचं कसं?

जरा नाशिककडे वळू. विदित गुजराथी हा २७०० च्या वर गेलेला, जगातल्या आघाडीच्या खेळाडूंतला ग्रँडमास्टर. पण घराघरांत त्याचं नाव कधी पोचलं? २०२० च्या टाळेबंदीत तो समय रैना आणि इतर विनोदवीरांबरोबर ऑनलाइन बुद्धिबळ खेळू लागला तेव्हा. ज्यांना घोडा अडीच घरं कसा जातो हेही ठाऊक नव्हतं, ती कॉलेजातली पोरं रात्र रात्र जागून बघत होती. विदितची लोकप्रियता विनोदाची आहे, खेळाची नाही, असं कोणी म्हटलं? उलट सगळे म्हणाले, खेळाचं भलं झालं. आणि झालंच. मग त्याचं हसणं खेळाच्या भल्याचं आणि तिचं दिसणं खेळाच्या मुळावर, हे कसं?

खरं तर लोकप्रियता आली ती उशिराच आली. दिव्या दहा वर्षांखालील गटात जागतिक विजेती झाली, मग बारा वर्षांखालील गटात. २०२३ मध्ये कोलकात्यात टाटा स्टीलच्या महिला जलद स्पर्धेत आयत्या वेळी बदली म्हणून आली आणि जिंकून गेली. २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडला भारतीय महिलांना सुवर्ण मिळालं, त्यात तिसऱ्या पटावर तिचे अकरापैकी साडेनऊ गुण, एकही डाव न हरता, वर वैयक्तिक सुवर्ण. एवढं होईपर्यंत नागपूरबाहेर तिला किती लोक ओळखत होते? फक्त चेहरा पुरला असता, तर चेहरा तेव्हाही होता.

जुलैनंतर नागपुरात सत्कार झाला, राज्य सरकारने तीन कोटी रुपये दिले. यावरही कुरकुर आहे. माझीही आहे, पण वेगळी. जिंकून आलेल्यावर पैसे उधळणं सोपं असतं. पंधराखालच्या गटात शोधावी लागणारी मुलगी आणि तिच्या सोबत जाणारी आई, यांच्या तिकिटाचा खर्च कोण देतं, हे कोणी विचारत नाही. बाटुमीच्या विजेतीला ५०,००० डॉलर मिळाले आणि गोव्यातल्या खुल्या विजेत्याला १,२०,०००. हा फरक योग्य की अयोग्य, यावर वाद घाला, मी तयार आहे. पण महिलांच्या स्पर्धेला प्रायोजक मिळतो तो कोणामुळे? ज्यांची नावं लोकांना माहीत असतात त्यांच्यामुळे. दिव्याची लोकप्रियता ही तिच्या खेळाला लागलेली कीड असल्यासारखं बोलणाऱ्यांनी हे विसरू नये की, उद्या त्यांच्याच क्लासमध्ये नाव घालायला जी मुलगी येईल, ती हिचा फोटो बघून येईल आणि फी त्यांना देईल.

शेवटी त्यांचीच फूटपट्टी त्यांच्यापुढे ठेवतो. प्रसिद्धी गुणवत्तेच्या प्रमाणात मिळावी, असं ते म्हणतात. चालेल. मग रुळलेल्या रस्त्याने, नॉर्म मिळवून, पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झालेली, ज्युडिटचा सर्वांत कमी वयात ग्रँडमास्टर होणाऱ्या महिलेचा विक्रम मोडणारी, ज्युडिटनंतर २६०० ओलांडणारी जगातली दुसरी महिला होती कोनेरू हंपी. बाळंतपणासाठी दोन वर्षं पटापासून दूर राहिली आणि परत येऊन २०१९ मध्ये मॉस्कोत महिलांची जागतिक जलद स्पर्धा जिंकली. २०२४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला तीच स्पर्धा दुसऱ्यांदा जिंकली. कुठला मागचा दरवाजा नाही, कुठली चेहऱ्याची चर्चा नाही, समाजमाध्यमांचा गाजावाजा नाही. आक्षेपकांना हवी तशी कारकीर्द, अगदी मापाने शिवलेली. तिच्यासाठी त्यांनी कुठे सत्कार भरवला होता, कुठल्या क्लासच्या भिंतीवर तिचा फोटो लावला होता, कुठल्या मुलीला तिचे डाव काढून दाखवले होते? तारखा देता आल्या, तर पुढचं बोलू.